पोटातली पट्टी: काम झाले म्हणून काढावी, की कायमची राहू द्यावी?

प्रश्न
लिहिणार: गंगावेशच्या बाई

नमस्कार. मी कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय ४५, उंची १५८ सेंटिमीटर. सन २०१२ मध्ये माझे वजन ११२ किलो होते, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ४५च्या घरात, आणि मधुमेहाच्या दोन गोळ्या घेऊनही साखर आटोक्यात राहत नव्हती. त्या वर्षी मुंबईत माझ्या जठराच्या वरच्या टोकाभोवती दुर्बिणीतून सिलिकॉनची पट्टी, म्हणजे ज्याला सगळे लॅप बँड म्हणतात ती, बसवण्यात आली. या पट्टीच्या आतल्या अंगाला फुग्यासारखी पोकळी असते. तिच्यापासून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या एका बटणाला, म्हणजे पोर्टला, जोडलेली असते. पोर्टमध्ये सुई टोचून सलाइन भरले की पट्टी आवळते आणि काढून घेतले की सैल होते. जठर कापले जात नाही, आतड्यांची जोडणीही बदलली जात नाही. तेव्हा स्लीव्हचा पर्याय माझ्यासमोर होता; परंतु जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा कापून टाकायचा ही कल्पनाच मला सोसली नाही, आणि ‘ही पट्टी हवी तेव्हा काढता येते’ या एका वाक्यावर मी होकार दिला.

पहिल्या वर्षी पाच वेळा मुंबईला जावे लागले. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचे, शनिवारी सकाळी सुई टोचून घ्यायची, डॉक्टरांसमोर बसून ग्लासभर पाणी घोटाघोटाने पिऊन दाखवायचे आणि रात्रीच्या गाडीने परत यायचे, असा तो क्रम होता. २०१५ मध्ये वजन ७६ किलोवर आले आणि साखरेच्या गोळ्या सुटल्या. टाळेबंदीत मुंबईच्या फेऱ्या थांबल्या, त्या थांबल्याच. काही त्रास नव्हता, म्हणून दाखवायला जावे असे वाटले नाही. हा माझा हलगर्जीपणा आहे आणि तो मान्य करूनच पुढचे लिहीत आहे.

आज वजन ८२ किलो आहे. गेले वर्षभर मात्र रात्री आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येते, पहाटे कोरडा खोकला उठतो आणि दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही. भाकरीचा तुकडा छातीत अडकतो. घरी मटण झाले की पांढरा रस्सा वाटीमागून वाटी सहज उतरतो, पण मटणाचा एक तुकडा नीट चावला गेला नाही तर मला ताटावरून उठून मोरीकडे धावावे लागते.

माझ्या यजमानांचे म्हणणे असे, की हाड सांधल्यावर कोणी प्लास्टर पायावर ठेवून हिंडत नाही. वजन उतरले, पट्टीचे काम झाले, आता ती काढून टाकावी. सासूबाईंचे म्हणणे बरोबर उलट आहे: अंगात मुरलेली वस्तू उगाच उकरू नये. पुण्यात ज्या सर्जनांना दाखवले त्यांनी तीन वाटा सांगितल्या: पट्टी सैल करून ठेवणे, पट्टी काढणे, किंवा ती काढून बायपास करणे, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणे. निर्णय मात्र त्यांनी तपासण्यांनंतर आमच्यावर सोडला आहे. माझा प्रश्न असा, की ही पट्टी मुळात तात्पुरती समजायची की कायमची, आणि काढली तर उतरलेले वजन उतरलेलेच राहील का? ज्यांनी हा निर्णय घेतला आहे त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.


उत्तर १
लिहिणार: उद्यमनगरचा फाउंड्रीवाला

बाई, तुमच्या यजमानांचे प्लास्टरचे उदाहरण वाचले आणि लिहायला बसलो, कारण २०१७ मध्ये जवळपास हेच वाक्य मी स्वतः माझ्या डॉक्टरांना ऐकवले होते.

माझी पट्टी २०१० मधली, पुण्यात बसवलेली. वजन १३८ वरून ९७ वर आले आणि सहा-सात वर्षे फार चांगली गेली. मग करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या म्हाईला, पाहुण्यांच्या पंगतीत, गप्पांच्या नादात मी दोन-चार घास भराभर गिळले आणि त्यानंतर अन्न तर सोडाच, स्वतःची थुंकीसुद्धा खाली उतरेना. मध्यरात्री ज्या दवाखान्यात नेले तेथील तरुण डॉक्टरांनी पोर्टला चरबीची गाठ समजून तिच्याकडे दुर्लक्ष केले आणि ॲसिडिटीचे इंजेक्शन देऊन मला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी पुण्यात क्ष-किरण तपासणीत कळले की पट्टी आपल्या जागेवरून घसरली आहे आणि तिच्या खालचा जठराचा भाग वर सरकून अडकला आहे. सुईने पट्टी रिकामी केली, तरीही तो भाग मोकळा झाला नाही, म्हणून त्याच रात्री दुर्बिणीतून ती काढावी लागली. घसरण त्या एका पंगतीत झाली नव्हती, ती आधीपासून हळूहळू होत असावी, असे सर्जन म्हणाले. भराभर जेवणे आणि वारंवार उलट्या यांनी तिला हातभार लागतो.

पट्टी निघाली तेव्हा मी मनातून खूश होतो. पहिले दोन महिने तर सुखाचे गेले, कारण सात वर्षांनी मी चपाती न अडकता खात होतो. डॉक्टरांनी लगेच पुढच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला, तेव्हा मी त्यांना म्हणालो की सात वर्षांत सवय लागली आहे, आता कुबडी नको. आमच्या फाउंड्रीत ओतलेले लोखंड गार झाले की वाळूचा साचा फोडतात आणि कास्टिंगचा आकार जसाच्या तसा राहतो. मी माझ्या शरीराला कास्टिंग समजलो होतो. भूक तिसऱ्या महिन्यात परतली, आणि ती भूक सवयीची किंवा जिभेची नव्हती. रात्री दोन वाजता जाग यावी आणि पोटात खड्डा पडल्यासारखे वाटावे, अशी ती होती. दीड वर्षात मी १२४ किलोवर पोचलो. रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारत असतानाची ही गोष्ट आहे, आळशीपणाची नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण तेव्हा घरादाराने मला आळशीच ठरवले होते.

जानेवारी २०२० मध्ये बायपास झाला. आज वजन ९३ आहे; बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यायचे आहे आणि वर्षातून एकदा रक्त तपासायचे आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की मधली अडीच वर्षे फुकट गेली आणि वजन उतरवण्याचे कष्ट दोनदा करावे लागले. पट्टी काढायला माझा विरोध नाही, पण काढल्यावर पुढे काय, हे ठरवल्याशिवाय सहीच्या कागदाला हात लावू नका.


उत्तर २
लिहिणार: निवृत्त सर्जन, ताराबाई पार्क

मी सर्वसाधारण शस्त्रक्रिया करणारा सर्जन होतो, लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया मी केल्या नाहीत. परंतु पट्टी बसवलेले काही रुग्ण ‘जेवण जात नाही’ म्हणून माझ्याकडे येत, त्यामुळे हा विषय मला मुद्दाम वाचावा लागला. बाईंना न तपासता सल्ला देणे योग्य नाही आणि तो त्यांचे सर्जनच देतील. विचार कोणत्या क्रमाने करावा, एवढेच येथे मांडतो.

हा गोंधळ ‘काढता येण्याजोगी’ आणि ‘तात्पुरती’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरल्यामुळे झाला आहे. तात्पुरते साधन पाहायचे असेल तर जठरात ठेवायचा फुगा पाहावा. तो बसवतानाच सहा महिन्यांनी, काही प्रकारांत वर्षाने, काढायचा असे ठरलेले असते. पट्टीला अशी मुदत कधीच नव्हती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये तिला मान्यता दिली ती दीर्घकाळ शरीरात राहणारे साधन म्हणून, आणि पुढे कधी तरी ती काढावी किंवा बदलावी लागू शकते अशी स्पष्ट सूचनाही रुग्णांसाठीच्या माहितीत होती. ‘हवी तेव्हा काढता येते’ हे वाक्य खोटे नव्हते, अर्धे होते. काढल्यावर जठर बरेचसे पूर्ववत होते. पण त्याबरोबर भूकही पूर्ववत होते, हे वाक्याचे दुसरे अर्धे कोणी उच्चारले नाही.

फाउंड्रीवाल्यांनी सांगितलेली मध्यरात्रीची भूक ही मनाची दुर्बलता नव्हे. पट्टीच्या वर १५ ते ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार होते. घास तेथे क्षणभर थांबतो, त्या भागातील मज्जातंतूंवर दाब येतो आणि थोड्या अन्नातही पोट भरल्याचा संदेश मेंदूकडे जातो. पट्टी काढली किंवा पूर्ण सैल केली की हा संदेश बंद होतो. दुसरीकडे, वजन उतरलेल्या माणसात भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढलेले असते, तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक घटलेले असते, आणि केवळ आहाराने वजन उतरवलेल्या लोकांमध्ये वर्ष उलटल्यावरही हे बदल टिकून असल्याचे दिसले आहे. म्हणजे शरीर जुन्या वजनाकडे परतण्यासाठी दबा धरून बसलेले असते आणि पट्टी त्याला अडवून धरत असते. प्लास्टरखाली हाड खरोखर जुळते. पट्टीखाली असे काही जुळत नाही, म्हणून यजमानांची उपमा येथे लागू होत नाही.

मग ती कायम ठेवावी का? येथे मात्र सासूबाईंचेही पूर्णपणे बरोबर नाही. दीर्घकाळच्या पाहणीत दोन टोकांची चित्रे दिसतात. ब्रुसेल्सच्या जॅक हिम्पेन्स यांच्या चमूने २०११ मध्ये बारा वर्षे आणि त्याहून जुन्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत सुमारे ६० टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती, २८ टक्क्यांमध्ये पट्टी जठराच्या भिंतीत घुसली होती आणि जवळपास निम्म्यांची पट्टी निघालेली होती. याउलट मेलबर्नच्या पॉल ओब्रायन यांच्या चमूने २०१३ मध्ये पंधरा वर्षांचा आढावा दिला, त्यात जादा वजनापैकी ४७ टक्के घट टिकून होती आणि पट्टी काढावी लागलेले रुग्ण ५.६ टक्केच होते. पहिल्या पाहणीतील पट्ट्या नव्वदच्या दशकातील जुन्या पद्धतीने बसवलेल्या होत्या आणि १५१ पैकी ८२ रुग्णच पुन्हा तपासता आले होते. दुसरा चमू पट्टीचा खंदा पुरस्कर्ता होता, हेही विसरू नये. तरी त्यांच्याकडेसुद्धा पट्टी, पोर्ट किंवा नळीच्या दुरुस्तीसाठी अनेकांना पुन्हा टेबलावर जावे लागले होतेच. माझ्या मते या दोन आकड्यांमधले बरेचसे अंतर पट्टी बसवल्यानंतरच्या देखरेखीचे आहे. मेलबर्नचे रुग्ण वर्षानुवर्षे ठरल्या वेळी तपासायला येत. आपल्याकडे पट्टी मागे पडून स्लीव्ह आणि बायपास पुढे आले, त्याचे हेही एक कारण म्हणता येईल: रुग्णाने दर काही महिन्यांनी कोल्हापूरहून मुंबईला जावे, या गृहीतकावर कोणतेही साधन फार काळ चालत नाही.

आता बाईंच्या प्रकृतीबद्दल. रात्रीचा खोकला आणि घशाशी येणारे पाणी ही लक्षणे वजनापेक्षा अन्ननलिकेची आहेत. पट्टी जास्त आवळली गेली असेल, वरची पिशवी फुगली असेल किंवा पट्टी घसरू लागली असेल, तर अन्न आणि लाळ वर साचून राहते आणि झोपेत श्वासनलिकेत उतरू शकते. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून हे अंगावर काढण्यासारखे नाही. बेरियमचे पांढरे पाणी पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात पट्टीचा कल, वरच्या पिशवीचा आकार आणि अन्ननलिकेची रुंदी कळते. पट्टी जठराच्या आत घुसली आहे का, हे मात्र एंडोस्कोपीतच, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या तपासणीतच, दिसते. असे घुसणे पुष्कळदा वेदनेशिवाय होते. अनेक वर्षांनी अचानक पोर्टपाशी पू होणे किंवा पट्टी भरलेली असूनही भरपूर जेवण जाणे, या तिच्या खुणा असतात. घुसलेली पट्टी काढावीच लागते, तेथे मताला जागा नाही.

तपासणीत तसे काही नसेल, तर पहिले पाऊल पट्टी पूर्ण रिकामी करण्याचे असते. सहा ते आठ आठवडे ती रिकामी ठेवली की दोन गोष्टी एकदम कळतात. खोकला थांबतो का आणि अन्ननलिका पूर्वीच्या आकाराला येते का, ही पहिली. दुसरी मला अधिक मोलाची वाटते: पट्टीशिवाय तुमची भूक आणि तुमचे वजन कसे वागते, याची ती जवळपास विनाशस्त्रक्रिया चाचणीच असते. जवळपास अशासाठी म्हणतो, की रिकामी पट्टीही थोडासा अडसर करते. म्हणजे रिकाम्या पट्टीत जर वजन वाढू लागले, तर काढल्यावर ते त्याहून वेगाने वाढेल असे धरून चालावे.

शेवटी काढायचीच ठरली तर एक गोष्ट सर्जनांना अवश्य विचारा. ज्यांना आम्लाचा त्रास आहे त्यांच्यात पट्टी काढून स्लीव्ह केली तर तो त्रास बळावण्याची शक्यता असते, म्हणून अशा रुग्णांना सहसा बायपास सुचवतात. पट्टीभोवती वर्षानुवर्षांत तंतूंचे कठीण कवच तयार झालेले असते, ते सोडवताना जठराला इजा होऊ शकते आणि नव्या टाक्यांमधून गळती होण्याचा धोकाही मूळ शस्त्रक्रियेपेक्षा जास्त असतो. म्हणूनच अनेक सर्जन आज पट्टी काढतात आणि काही महिने सूज उतरू देऊन मगच बायपास करतात. ‘एकाच वेळी दोन्ही उरकून टाका’ असा आग्रह रुग्णाने धरू नये.


उत्तर ३
लिहिणार: इचलकरंजीकर

दोन व्यावहारिक गोष्टी लिहितो, कारण माझ्या पत्नीच्या वेळी आम्ही दोन्हींत अडखळलो.

पहिली विम्याची. विमा नियामकाने घालून दिलेल्या अटींनुसार लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी वय १८ पूर्ण हवे आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक आणि त्यासोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणे) किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा गंभीर आजार हवा. बाईंचा बीएमआय आज ३३च्या आसपास येतो. त्यामुळे कागदावर ‘वजन कमी करण्यासाठी’ असे लिहिले गेले तर दावा तेथेच अडेल. त्यांची खरी तक्रार पट्टीमुळे झालेली गुंतागुंत ही आहे. तीच डॉक्टरांच्या चिठ्ठीत स्पष्टपणे यावी आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. फोनवरच्या ‘होऊन जाईल मॅडम’ या आश्वासनाला कवडीचीही किंमत नसते.

दुसरी वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड ‘मौंजारो’ या नावाने भारतात आले, त्यानंतर काही महिन्यांनी सेमाग्लुटाइडही वजनासाठी आले, तेव्हापासून जो तो ‘पट्टी काढा आणि सुई लावा’ असे सुचवतो. ही औषधे प्रभावी आहेत, यात शंका नाही. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरले होते. पण ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसले. म्हणजे डॉक्टरसाहेबांनी पट्टीबद्दल जे लिहिले तेच येथेही लागू पडते, फक्त खर्च महिन्याच्या महिन्याला खिशातून जाताना दिसतो.


उत्तर ४
लिहिणार: आहारतज्ज्ञ, जयसिंगपूर

बाईंच्या पांढऱ्या रश्शाच्या वाक्याकडे कोणी लक्ष दिले नाही, म्हणून थोडे लिहिते. पट्टी घट्ट झाली की घन अन्न अडकते, आणि माणूस नकळत सहज उतरणाऱ्या पदार्थांकडे वळतो. नारळाच्या दुधाचा रस्सा, दूधकट्ट्यावरचे धारोष्ण दूध, बासुंदी, आइस्क्रीम हे सगळे पट्टीतून पाण्यासारखे जाते आणि पिशवीत थांबत नसल्यामुळे पोट भरल्याची जाणीवही होत नाही. वजन ७६ वरून ८२ वर गेले, त्यातला काही भाग येथून आलेला असू शकतो. म्हणून ‘वजन वाढते आहे, पट्टी आणखी आवळा’ असा आग्रह रुग्णाने धरला तर पुष्कळदा उलटाच परिणाम होतो. पट्टी योग्य मापाची असेल तर नीट चावलेली मऊ भाकरी आणि उसळ जायला हवी. ती जात नसेल तर पट्टी जास्त घट्ट आहे, असे समजावे.


प्रश्नकर्तीचे उत्तर
लिहिणार: गंगावेशच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला अकरा आठवडे लागले, कारण डॉक्टरसाहेबांनी सुचवलेला क्रम पुण्याच्या सर्जनांपुढे ठेवला, तेव्हा तेही तेच करणार असल्याचे म्हणाले, आणि आम्ही तो पूर्ण केला.

एंडोस्कोपीत पट्टी आत घुसलेली नाही, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज आहे, असे दिसले. बेरियमच्या चित्रात पट्टी जागेवर होती, परंतु वरची पिशवी थोडी फुगलेली आणि अन्ननलिका रुंदावलेली होती. पडद्यावर ते पांढरे पाणी पट्टीपाशी येऊन थांबताना आणि नंतर धाग्यासारखे खाली उतरताना मी स्वतः पाहिले. इतकी वर्षे मी रोज काय गिळत होते ते त्या मिनिटभरात कळले. माझ्या पट्टीत ३.२ मिलिलिटर सलाइन निघाले. पोर्ट थोडा तिरका झाल्यामुळे सुई क्ष-किरणांखाली टोचावी लागली.

खोकला दुसऱ्या आठवड्यात थांबला. उशी एकच पुरते आहे. यजमान म्हणाले, ‘बघ, पट्टीविना किती बरे आहे.’ पण पाचव्या आठवड्यापासून भूक आली. फाउंड्रीवाले दादा, तुम्ही लिहिलेली मध्यरात्रीची भूक मला आधी जरा अतिशयोक्ती वाटली होती, त्याबद्दल क्षमा असावी. शाळेच्या मधल्या सुट्टीत माझा डबा संपल्यावर शेजारी बसणाऱ्या बाईंच्या डब्याकडे माझा हात गेला, तेव्हा त्याही चमकल्या आणि मीही. आठ आठवड्यांत वजन ८२ वरून ८६.५ झाले. मी ते रोज वहीत लिहीत होते आणि यजमानांनी ती वही न मागता वाचली. त्यानंतर घरात प्लास्टरचा विषय निघालेला नाही.

दुसऱ्या बेरियम तपासणीत अन्ननलिका पूर्ववत दिसली. सर्जनांनी आता दोन मार्ग ठेवले आहेत: अर्ध्याहून कमी सलाइन भरून जवळून देखरेख ठेवणे, किंवा पट्टी काढून काही महिन्यांनी बायपास करणे. नुसती पट्टी काढून थांबणे हा मार्ग आम्ही दोघांनी यादीतून खोडला आहे. मी पहिला मार्ग स्वीकारण्याच्या विचारात आहे, मात्र खोकला परत आला तर तिसऱ्यांदा प्रयोग न करता पट्टी काढून बायपासकडे जायचे, हे सर्जनांनी माझ्या केसपेपरवर लिहून दिले आहे. डॉक्टरसाहेब, यात काही चूक दिसत असेल तर सांगावे.


उत्तर ५
लिहिणार: निवृत्त सर्जन, ताराबाई पार्क

चूक दिसत नाही. अट आधीच लिहून ठेवली हे तर फार चांगले केले, कारण त्रास हळूहळू वाढतो तेव्हा माणूस रोज थोडे थोडे सोसायला शिकतो आणि मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. पट्टी कोणत्या बनावटीची आहे, तिची क्षमता किती मिलिलिटर आहे आणि सध्या किती भरले आहे, हे लिहिलेला कागद पर्समध्ये ठेवा आणि त्याची प्रत कोल्हापुरातील तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या. फाउंड्रीवाल्यांच्या पोर्टला गाठ समजले गेले, तसे पुन्हा कोणाचे होऊ नये. आणि पोर्टमध्ये साधी इंजेक्शनची सुई कोणालाही टोचू देऊ नका. साध्या सुईने त्याच्या पडद्याचा कण कापला जातो आणि तेथून गळती सुरू होते. त्यासाठी ह्यूबर नावाची वेगळ्या टोकाची सुई असते. थुंकीही गिळता येईनाशी झाली, तर मात्र वाट पाहायची नाही. पट्टी रिकामी करू शकणाऱ्या ठिकाणी त्याच दिवशी पोचायचे.


प्रश्नकर्तीचे उत्तर
लिहिणार: गंगावेशच्या बाई

कागद केला आहे, एक प्रत आमच्या डॉक्टरांना दिली आणि एक स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, कारण रात्री-अपरात्री घरातल्यांना माझी पर्स सापडेल याची खात्री नाही. मागच्या शनिवारी पुण्यात दीड मिलिलिटर भरून घेतले. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून अर्धी जाते आणि अडकत नाही. मटण झाले तर मी आधी दोन तुकडे नीट चावून खाते आणि रस्सा शेवटी एकच वाटी घेते, त्यामुळे आता वाढणाऱ्या सासूबाईच वाटी मागे घेतात. पुढची बेरियम तपासणी दिवाळीनंतर आहे; तेव्हा काय दिसले ते येथेच लिहीन.